शाळेची खरेदी: आधी वजनकाटा, मग दुकान

दुसरीतल्या, सात वर्षांच्या मुलाचं वजन साधारण २० ते २२ किलो असतं. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. म्हणजे या मुलाच्या पाठीवर जास्तीत जास्त २.२ किलो. आता जूनच्या गर्दीत सहज उचलल्या जाणाऱ्या वस्तूंचं वजन मांडून बघा. तीन कप्प्यांची, फोम भरलेली बॅग ७०० ग्रॅम. अर्ध्या लिटरची थर्मास-बाटली रिकामी ३०० ग्रॅम, भरली की ८००. दोन मजली स्टीलचा डबा पोळीभाजीसकट ५०० ग्रॅम. बटण दाबलं की कप्पे उघडणारी पेन्सिलपेटी २५० ग्रॅम. बेरीज २२५० ग्रॅम, आणि दप्तरात अजून एकही वही गेलेली नाही.

म्हणून या लेखात वस्तू निवडताना तीन गोष्टी याच क्रमाने बघितल्या आहेत: वजन, पावसाळा आणि मग किंमत. रंग आणि चित्र मुलाला निवडू द्या. तेवढा हक्क त्याचा आहे, आणि त्यावरून दुकानात होणारं भांडणही टळतं.

धोरणातले इयत्तावार आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. बालवाडीला दप्तरच नको. पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५, सहावी-सातवीला २ ते ३, आठवीला २.५ ते ४ आणि नववी-दहावीला २.५ ते ४.५ किलो. घरच्या वजनकाट्यावर मूल आधी दप्तर घेऊन उभं करा, मग दप्तराशिवाय. फरक म्हणजे दप्तराचं वजन.

दुकानात जाण्याआधी

मागच्या वर्षीचं दप्तर जमिनीवर उपडं करा. प्रत्येक विषयाची वही उघडून शेवटचं लिहिलेलं पान कितवं आहे ते कागदावर टिपा. २०० पानी वहीत इतिहास ६० पानांवर थांबला असेल, तर यंदा त्या विषयाला १०० पानी वही पुरते. गणिताच्या दोन वह्या संपल्या असतील तर तीन घ्या. हा दहा मिनिटांचा हिशेब केला नाही, तर दुकानदार विचारतो, ‘डझन देऊ का दोन डझन?’ आणि आपण अंदाजे उत्तर देतो.

मग शाळेच्या यादीकडे वळा. यादीतल्या वस्तूंचे तीन गट करा: पहिल्या दिवशी लागणाऱ्या, पहिल्या सत्रात कधीतरी लागणाऱ्या आणि वर्गशिक्षकांशी बोलून ठरवायच्या. चित्रकलेची वही, आलेखवही, प्रयोगवही, भूगोलाचे नकाशे हे तिसऱ्या गटात टाका. शिक्षक बदलले की वहीचा आकारही बदलतो, आणि आधी घेतलेल्या वह्या कपाटात पडून राहतात. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची बालभारतीची पुस्तकं मोफत मिळतात, त्यामुळे शाळेत विचारल्याशिवाय पुस्तकांचा संच विकत घेऊ नका. ठरावीक दुकानातूनच सामान घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, हे शिक्षण विभागाने वेळोवेळी बजावलेलं आहे. गणवेशाचा रंग शाळा ठरवेल, वही कुठून घ्यायची ते तुम्ही ठरवा.

जुनी पुस्तकं घेत असाल तर आवृत्ती तपासा. राज्यात पहिलीचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून बदलला आहे आणि पुढच्या इयत्तांचा टप्प्याटप्प्याने बदलतो आहे. मोठ्या भावंडाचं पुस्तक धाकट्याला चालेलच असं नाही.

उर्वरित महाराष्ट्रात शाळा १५ जूनच्या आसपास भरते, विदर्भात उन्हामुळे आणखी आठवडाभर तरी उशिरा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खरेदी केली तर माल भरपूर असतो आणि दुकानदाराला बॅगची चेन दहा वेळा उघडूझाकू द्यायला वेळ असतो. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट अशा बाजारांत डझनाचा भाव चांगला पडतो, पण तिथे जायचं ते वह्या आणि पेन्सिलींसाठी. दप्तर आणि बूट मूल सोबत असताना, जवळच्या, परत द्यायला सोप्या दुकानातून घ्यावेत.

दप्तर

इथे वेळ घालवा. सगळ्या खरेदीत मुलाच्या अंगाला सर्वात जास्त त्रास देऊ शकणारी वस्तू हीच.

आकार आधी. मूल ताठ उभं राहिल्यावर बॅगची वरची कड खांद्याच्या रेषेत यावी, खालची कड कमरेच्या खाली चार बोटांपेक्षा जास्त लोंबू नये, आणि रुंदी पाठीपेक्षा जास्त नसावी. ‘पुढच्या वर्षी पण चालेल’ म्हणून मोठी घेतलेली बॅग खाली लोंबते, मूल तोल सांभाळायला पुढे वाकतं आणि मान वर काढून चालतं. शिवाय मोठ्या बॅगेत जागा आहे म्हणून सामान वाढतंच. लेबलवर लिटर लिहिलेले असतील तर ढोबळ माप असं: पहिली-दुसरीला १२ ते १५ लिटर, तिसरी ते पाचवीला १८ ते २२, सहावी ते आठवीला २५ ते २८, त्यापुढे ३० च्या आसपास. रिकाम्या बॅगचं वजन प्राथमिकसाठी ५०० ग्रॅमच्या आत आणि माध्यमिकसाठी ७०० च्या आत मिळतं. दुकानात काटा नसतो, म्हणून भाजी तोलायचा छोटा आकड्याचा काटा खिशात ठेवा. दुकानदार हसेल, हसू द्या.

आता बॅग भरून बघा. मधल्या आकाराच्या, २०० पानी वह्यांचं एक डझन साधारण पावणेतीन किलो भरतं. मोठ्या मुलासाठी डझन, लहानग्यासाठी अर्धं डझन वह्या बॅगेत घालून ती मुलाच्या पाठीवर द्या आणि त्याला दुकानात दोन फेऱ्या मारायला सांगा. पट्टा मानेकडे सरकतो का? खांद्यात रुततो का? पट्टा निदान ५ सेंटिमीटर रुंद हवा आणि आतला फोम दाबल्यावर बोटं एकमेकांना टेकायला नकोत. खालची पट्टी ज्या प्लास्टिकच्या बक्कलमधून जाते, ती भरलेल्या बॅगसकट जोरात ओढा. दोन सेंटिमीटर जरी सरकली तरी ती रोज सरकणार, आणि महिन्याभरात एक पट्टा लांब, एक आखूड होणार.

शिलाई बाहेरून नाही, आतून बघायची. बॅग उलटी करून वरचा पट्टा जिथे शिवलाय तिथे हात घाला. तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई किंवा निदान दोन ओळी हव्यात, आणि कापडाची कड पायपिंगमध्ये बंद हवी. नुसती एक ओळ आणि कडेने दोरे निघालेले दिसले तर ती बॅग दिवाळी बघणार नाही. सगळा भार या दोन इंचांवर येतो आणि मुलं बॅग एकाच पट्ट्याने उचलतात, त्यामुळे उसवायला सुरुवात बहुतेकदा पट्ट्याच्या वरच्या टोकापासून होते.

चेन कोपऱ्यावर तपासा. सरळ भागात प्रत्येक चेन छान चालते, रनर अडकतो तो वळणावर. दहा वेळा पुढेमागे करा. आतलं अस्तर चेनपासून निदान दीड सेंटिमीटर लांब शिवलेलं हवं, नाहीतर घाईत ते रनरमध्ये अडकतं, मूल ओढतं, रनरचं तोंड फाकतं आणि चेन मागून उघडते. मुख्य कप्प्याची चेन जाड दात्यांची हवी, पुढच्या छोट्या कप्प्याला बारीक चालते.

तळाशी पुठ्ठा असेल तर ती बॅग ठेवून द्या. पुठ्ठा पहिल्याच पावसात फुगतो आणि मग कुबट वास जात नाही. बाटलीचा खिसा जाळीचा नको, कापडाचा आणि वर इलॅस्टिक असलेला हवा, खोली बाटलीच्या निम्म्याहून जास्त. चाकांची बॅग जिन्यावर उचलावीच लागते आणि चाकं-दांडा मिळून किलोभर वजन फुकट वाढतं. शाळा तळमजल्यावर असेल आणि रस्ता सपाट असेल तरच तिचा विचार करा, म्हणजे फारसा करूच नका.

वह्या

वहीच्या पाठीमागे बारीक अक्षरात तीन गोष्टी छापलेल्या असतात: आकार, पानं आणि कागदाचं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. बहुतेक जण फक्त किंमत वाचतात.

बोलीत जिला २०० पानी म्हणतात तिच्यावर बऱ्याचदा १७२ किंवा त्याच्या आसपासचा आकडा असतो, आणि त्यात अनुक्रमणिका व छापील पानंही धरलेली असतात. दोन वह्यांची तुलना करताना किमतीला पानांनी भागा. १७२ पानांची ४३ रुपयांची वही २५ पैसे पान पडते, १४० पानांची ३९ ची वही २८ पैसे. स्वस्त दिसणारी महाग निघते ती इथे.

आकारावर वजन ठरतं. १७२ पानं म्हणजे ८६ कागद. ५७ जीएसएमचा कागद धरला तर १९ बाय १५.५ सेंटिमीटरच्या छोट्या वहीचा कागद १४४ ग्रॅम भरतो, २४ बाय १८ च्या मधल्या वहीचा २१२ आणि ए-फोर वहीचा ३०६ ग्रॅम. आवरणाचे वीसेक ग्रॅम वेगळे. रोज पाच वह्या नेणारं मूल मधल्याऐवजी ए-फोर नेऊ लागलं की अर्धा किलो वाढतो. शाळेने सांगितल्याशिवाय ए-फोर घेऊ नका, आणि शाळेने सांगितलं असेल तर पालकसभेत हा हिशेब मांडायला हरकत नाही.

जीएसएमचं गणित असं: पेन्सिलीला आणि बॉलपेनला ५४ ते ५८ चा कागद पुरतो. जेल किंवा शाईपेन वापरणाऱ्या मुलाला ७० चा लागतो, नाहीतर शाई मागच्या पानावर उमटते आणि एकच बाजू लिहिता येते. पण ७० चा कागद २० टक्क्यांहून जड असतो. म्हणून पेन कोणतं ते आधी ठरवा, वही नंतर. जुन्या पेनने शेवटच्या पानावर एक ओळ लिहून बोटाने पुसून बघायची परवानगी बहुतेक दुकानदार एका वहीवर देतात. पावसाळ्यात कागद दमट होतो, त्यामुळे मे महिन्यात नीट वाटलेला हलका कागद जुलैत जेलची शाई पसरवतो.

रेघा: पहिली-दुसरीला मराठीसाठी दुरेघी, इंग्रजीसाठी चाररेघी, गणितासाठी चौकटीची. चाररेघीत दोन मधल्या रेघांमधलं अंतर कंपनीगणिक बदलतं. पहिलीतल्या मुलाला रुंद अंतराची घ्या, कारण अरुंद रेघांत लिहायला बोटं जास्त आवळावी लागतात आणि अक्षर बिघडलं म्हणून ओरडा मुलाला बसतो. चौकटही तशीच: पहिलीला १ सेंटिमीटरच्या जवळपासची, पुढे लहान.

वहीची बांधणी मधोमध उघडून बघा. पिना असतील तर दोन्ही टोकं आत नीट दुमडलेली हवीत आणि गंजाचा डाग नको. जाड वहीला पिनेपेक्षा शिलाई टिकते. पिनेच्या जाड वहीत एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं दुसऱ्या टोकाचं पानही सुटतं. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे होडीसाठी पान फाडताना निदान मधलं जोडपान काढतील.

खरेदी दोन हप्त्यांत करा. जूनमध्ये प्रत्येक विषयाची एकच वही, आणि जड विषयांना १०० पानी दोन. पहिली भरली की ती घरी राहते आणि दुसरी दप्तरात जाते. अर्ध्या वजनात तेवढंच काम होतं. उरलेलं दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्या. तेव्हा दुकानात गर्दी नसते आणि कोणत्या विषयाला किती लिहावं लागतं हेही कळलेलं असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर आणि खोडरबरावरचा जीएसटी शून्य आहे आणि कंपासपेटीवर ५ टक्के. बिल मागा आणि करापोटी काही लावलंय का ते बघा.

पाठ्यपुस्तकांचं वजन कमी करण्याचा एक प्रयोग राज्यात होऊन गेला. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत विभागून त्यांत लिहायला कोरी पानं दिली होती. वह्या मात्र दप्तरात तशाच राहिल्या, आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. आता घरच्या घरी करता येण्यासारखा उपाय म्हणजे बाकावरच्या जोडीदाराशी वाटणी: भाषा-इतिहास एकाकडे, गणित-विज्ञान दुसऱ्याकडे. दोन्ही घरच्यांनी वर्गशिक्षकांना सांगून ठेवायचं. जमेल त्या घरी जुन्या पुस्तकांचा दुसरा संच आणून तो अभ्यासाच्या टेबलावरच ठेवतात.

कव्हर घालताना आतली घडी ४ ते ५ सेंटिमीटर ठेवा. त्याहून कमी ठेवली तर घडी सुटते. जाड प्लास्टिकचं तयार कव्हर वहीला चिकटून ओल धरतं, त्यामुळे कोकणात आणि गोव्यात साधा खाकी कागद आणि वर पातळ पारदर्शक कागद हाच जोड बरा.

पेन्सिल, खोडरबर, शार्पनर, पेन

पेन्सिलीचं मागचं टोक बघा. शिसं बरोबर मध्यभागी हवं. एका बाजूला सरकलेलं असेल तर टोक करताना एका बाजूने लाकूडच वर येतं. पहिलीतल्या मुलाला एचबीपेक्षा थोडी मऊ, टू-बी पेन्सिल द्या, दाब कमी लागतो. तिकोनी पेन्सिल बोटांत नीट बसते आणि बाकावरून घरंगळत नाही. घरंगळणं इथे महत्त्वाचं आहे: पेन्सिल फरशीवर पडली की शिसं आतल्या आत तीन-चार ठिकाणी तडकतं, मग टोक काढावं आणि लगेच तुटावं असं चालू होतं. दोष मुलाच्या दाबाचा नसतो. एक पेन्सिल सलग तीनदा तुटली की ती बाजूला काढा.

टोक न निघण्याचं दुसरं कारण बोथट शार्पनर. लाकडाची सलग पापुद्र्यासारखी सालं निघाली तर पातं ठीक आहे, भुगा पडू लागला की शार्पनर बदला. महिन्याला एक धरून वर्षाचे दहा घेतलेत तरी खर्च किरकोळ आहे.

खोडरबर पांढरा, मऊ, बिनवासाचा. फळांच्या आकाराचे, गोड वासाचे रबर लहान मुलं चावतात आणि ते कडक असल्याने अक्षर पुसण्याऐवजी काळं फासतात. परीक्षा सोपी आहे: वहीच्या पानावर गडद रेघ ओढा, एकाच जागी तीन वेळा पुसा. कागद फाटायला नको आणि डाग राहायला नको.

पेनसाठी एवढंच: रोजच्या लिखाणाला ०.७ मिलिमीटरचं, रीफिल बदलता येणारं बॉलपेन. रीफिल त्याच दुकानात मिळते का ते विचारून घ्या, नाहीतर पेन टाकूनच द्यावं लागतं.

पेन्सिलपेटी म्हणजे ५० ते ८० ग्रॅमचा कापडी, चेनचा पाऊच. दोन पेन्सिली, एक खोडरबर, शार्पनर आणि १५ सेंटिमीटरची पट्टी त्यात मावली की झालं. रंग वेगळे.

कंपासपेटी

पाचवीपासून ती नियमित लागते, आणि भूमितीतली काही उत्तरं साहित्यामुळेही चुकतात. पेटीवरचं चित्र बघून घेऊ नका. दुकानातच कागद मागा आणि चार चाचण्या करा.

परकारात पेन्सिल बसवून ५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. सुरुवात आणि शेवट जुळले नाहीत तर सांधा ढिला आहे. सांध्याला घट्ट करता येणारा स्क्रू असलेला परकारच घ्या, नुसती रिबीट मारलेला सैल झाला की कायमचा सैल. मोजपट्टीने रेघ ओढा, पट्टी उलटवून त्याच दोन बिंदूंवर पुन्हा ओढा. मधे फट दिसली तर पट्टी वाकडी आहे. शून्याची खूण पट्टीच्या अगदी कडेवर असेल तर ती कड झिजल्यावर प्रत्येक माप मिलिमीटरभर चुकतं, म्हणून शून्य कडेपासून थोडं आत हवं. कोनमापकावर ६० अंशांचा कोन डावीकडून काढा, मग त्याच शिरोबिंदूवर उजवीकडच्या आकड्यांनी १२० चा. दोन्ही भुजा एकमेकींवर यायला हव्यात. गुण्यांचा काटकोन वहीच्या कोपऱ्याला लावून पाहू नका, वहीचा कोपराही कधीकधी तिरका कापलेला असतो. गुण्या पट्टीला टेकवून उभी रेघ काढा, गुण्या पलटून त्याच बिंदूतून पुन्हा काढा.

कर्कटकाची दोन्ही टोकं मिटल्यावर एकमेकांना टेकायला हवीत. पत्र्याची पेटी दमट हवेत कोपऱ्यात गंजते. आत टिश्यूची घडी ठेवली तर वर्षभर निभावते. कंपासपेटी म्हटलं की ज्या कॅमलिनचं नाव आठवतं, तिची सुरुवात १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईची पूड आणि वड्या बनवून केली होती. नाव कुठलंही असो, चाचणी मात्र हातातल्या पेटीची करा, कारण त्याच कंपनीच्या साध्या आणि महाग पेटीतला परकार वेगळा असतो.

बाटली आणि डबा

महाराष्ट्रातल्या शाळेला जून ते जानेवारी गार पाण्याची गरज नसते. दुहेरी भिंतीची थर्मास-बाटली मार्चनंतर, किंवा विदर्भ-मराठवाड्यात. एरवी एकेरी भिंतीची स्टीलची बाटली हलकी असते आणि धुवायला रुंद तोंड मिळतं. आत हात नाही तर निदान ब्रश गेला पाहिजे. झाकणातला सिलिकॉनचा वायसर निघतो का ते बघा, कारण वास तिथेच धरतो. आठवड्यातून एकदा तो काढून सोड्याच्या पाण्यात ठेवा. वेगळा वायसर मिळत नसेल तर ती बाटली वायसरएवढीच टिकणार. नळीची बाटली फक्त बालवाडीला, तीही नळी धुवायचा ब्रश सोबत असेल तर. स्टीलवर आयएसआय चिन्ह बघून घ्या.

मुलाकडून झाकण उघडून आणि लावून घ्या, तेही घाईत. मोठ्यांच्या हाताने घट्ट लावलेलं झाकण शाळेत उघडत नाही आणि मूल तहानलेलं घरी येतं. शाळेत पाण्याची सोय नीट असेल तर निम्मी बाटली भरून न्यायची आणि तिथे पुन्हा भरायची. पाव किलो लगेच कमी.

डब्याची चाचणी घरी: पाणी भरा, झाकण लावा, वर्तमानपत्रावर दहा मिनिटं आडवा ठेवा. पाणी गळलं तर आमटी तर नाहीच, पण रसाची भाजीही त्यात द्यायची नाही. क्लिपचा डबा असेल तर चार क्लिपपैकी एक तुटल्यावर काय होईल ते दुकानातच एक क्लिप उघडी ठेवून बघा. स्टीलच्या डब्यावर आणि बाटलीवर भांड्यांच्या दुकानात नाव घालून घ्या. पहिलं नाव नको, आडनाव आणि आद्याक्षर पुरे.

पाऊस, बूट, मोजे

‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या बॅगचं कापड पाणी अडवतं, शिवण अडवत नाही. म्हणून वरून घालायचं, इलॅस्टिकचं, भडक रंगाचं रेनकव्हर वेगळं घ्या आणि वह्या-पुस्तकं बटणाच्या प्लास्टिक फोल्डरमध्ये घालून मगच बॅगेत ठेवा. घरी आल्यावर बॅग रिकामी करून, सगळ्या चेन उघडून, तोंड खाली करून टांगायची. आत वर्तमानपत्राचा बोळा कोंबला की रात्रीत सुकते. ओली बॅग कोपऱ्यात ठेवली तर तिसऱ्या दिवशी अस्तरावर बुरशीचे ठिपके येतात.

रेनकोट दप्तरावरून बसेल असा, पाठीला घडी असलेला. लांबी गुडघ्याच्या खाली चार बोटं. घोट्यापर्यंतचा सायकलच्या चेनमध्ये आणि जिन्यावर पायात येतो. छत्री पाचवीच्या आधी नको, वाऱ्यात एक हात तिच्यातच गुंततो.

बूट संध्याकाळी, शाळेचे मोजे घालून घ्या. बूट चाचपून अंगठा शोधण्यापेक्षा घरून जाताना पुठ्ठ्याची पट्टी कापून न्या: मूल उभं असताना टाच ते सर्वात लांब बोट एवढी लांबी अधिक एक सेंटिमीटर. ही पट्टी बुटात सपाट आणि न दुमडता बसली तर माप बरोबर. दोन्ही पायांची मोजा, एक पाय थोडा मोठा असतोच. अडीच-तीन सेंटिमीटर मोठा बूट घेऊन पुढे कापूस कोंबला तर टाच निसटते आणि फोड येतात. तिसरीपर्यंत वेल्क्रो बरा. त्यात धागे अडकून तो चिकटेनासा झाला की जुन्या टूथब्रशने साफ करा. मुसळधार पावसाच्या भागात बऱ्याच शाळा दोन महिने सँडल चालवतात. आधी विचारा, म्हणजे बुटांची खरेदी ऑगस्टपर्यंत पुढे ढकलता येते. मोजे मात्र तीन जोड हवेतच, आणि चौथा दप्तरात, पिशवीत घातलेला.

रंग

पहिली-दुसरीला जाड मेणाचे खडू, तिसरीपासून तेलखडू. तेलखडू २४ नगांपेक्षा १२ चे घ्या. मुलं सहा रंग संपवतात आणि बाकीचे तुटतात. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेला बसणाऱ्याला जलरंग आणि पोस्टर रंग दोन्ही लागतात: जलरंग वस्तुचित्र, स्मरणचित्राला, पोस्टर रंग संकल्पचित्राला. गोल ब्रश २, ४ आणि ८ क्रमांकाचे आणि एक चपटा एवढ्यात काम भागतं. ब्रश पाण्यात बुडवून झटका, केस एका टोकात मिटले पाहिजेत. फाकले तर बारीक रेघ येणार नाही. पोस्टर रंगाची बाटली दुकानात हलवून बघा. रंग आतून हलला नाही तर तो सुकलेला, जुना माल आहे.

नाव आणि वर्षाच्या मधली डागडुजी

दप्तरावर बाहेरून मुलाचं नाव मोठ्या अक्षरात लिहू नका. अनोळखी माणूस नावाने हाक मारू शकतो. नाव, इयत्ता आणि पालकांचा फोन आतल्या कप्प्यात, सुती पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने लिहून शिवून टाका. रेनकोट, स्वेटर आणि टोपीलाही तीच पट्टी. शाळेत सर्वात जास्त हरवतात त्या याच तीन वस्तू.

दिवाळीच्या सुट्टीत बॅग साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने धुवा, मशीनमध्ये नाही, फोम गोळा होतो. पट्ट्याची वरची शिवण पुन्हा आतून बघा. एक टाका सुटला असेल तर तेव्हाच बॅगवाल्याकडे दुहेरी शिलाई मारून घ्या. पट्टा पूर्ण निघाल्यावर कापडही फाटलेलं असतं आणि दुरुस्ती महाग पडते. चेन जड चालत असेल तर दात्यांवर मेणबत्ती घासा. चेन मागून उघडत असेल तर रनर शेवटपर्यंत मागे नेऊन त्याच्या मागच्या दोन्ही कडा पकडीने अगदी हलक्या दाबा, आधी एक बाजू, मग दुसरी. जास्त दाबला तर रनर जागीच अडकतो. तेवढ्याने जमलं नाही तर बॅगवाला नुसता रनर बदलून देतो, पूर्ण चेन उसवायची गरज नसते.